गिअरच्या मुठीचा ब्रश

रविवार, २२ नोव्हेंबर १९८७, जळगाव

एप्रिलपासून या वहीत एक अक्षर लिहिलेलं नाही. वहीची माफी मागते. माफी मागायची मला सवय नाही, शिकवणाऱ्यांना ती सहसा नसते. तेव्हा सुरुवात वहीपासून केलेली बरी.

लिहिण्यासारखं घडलं नाही असं नाही. घडलं ते कागदावर बघायची हिंमत नव्हती. एप्रिलमध्ये हे चालवत होते त्या एसटीला पारोळ्याच्या पुढे समोरच्या ट्रकनं घासलं. यांचा उजवा हात खिडकीत होता. यांनी एकट्या डाव्या हातानं गाडी कडेला लावली, आतल्या कुणाला खरचटलंही नाही. हात वाचला, पण खांद्यापासून खाली तो आता नुसता सोबत असतो.

गल्लीच्या तोंडाशी लोटनभाऊंचं सलून आहे. सुरुवातीला ते घरी येऊन यांची दाढी करून जायचे. जूनमध्ये एक दिवस यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "दुसऱ्यानं हनुवटी धरून दाढी करायची ती माणूस मेल्यावर. मी अजून आहे." तेव्हापासून दाढी वाढते आहे आणि हे घराबाहेर पडलेले नाहीत. दोंडाईचा असो की शिरपूर, मुक्कामी गाडी असली की पहाटे स्टँडच्या नळावर दाढी केल्याशिवाय स्टिअरिंगला हात न लावणारा माणूस हा.

आज सुकदेवभाऊ आले. ते यांच्या गाडीचे कंडक्टर.

"रुपचंदभाऊ, एक फेब्रुवारीला चौकशीची खिडकी रिकामी होते. साहेब तुमचं नाव धरून बसलेत. गाड्या पुकारायच्या, बस. हाताचं काही काम नाही."

"आणि ह्या तोंडाचं?"

"माईकला तोंड दिसत नाही."

"खाकी घालायची ना? मग दिसतं."

सुकदेवभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे. त्या दिवशी हजर झाले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाईल आणि यांचं घरी बसणं कायमचं होईल, हे ते जाताना दारात हळू आवाजात सांगून गेले. यांची पेटीही ठेवून गेले. अपघातापासून ती डेपोतच होती. तिच्यात दाढीचा डबा. चेपलेला. ब्रशचे केस झडलेले, वाटीचे दोन तुकडे, आणि माझ्या सासऱ्यांचा पितळी रेझर, दांडा वाकलेला.

बाजारात नवं सामान मिळेल. पण बाजारातलं सगळं दोन हातांच्या माणसासाठी केलेलं असतं. मागच्या ओट्यावर पोत्याखाली आबांचं पायानं फिरवायचं लेथ आहे. आबा, म्हणजे माझे वडील, त्यावर खाटेचे पाय आणि लाटणी कातायचे. मी बी.एस्सी. झाले, शाळेत रसायन शिकवते, पण पटाशी धरायला शिकले ती त्यांच्याकडून. आज पोतं काढलं. पट्टा उंदरांनी खाल्लाय, बाकी ठीक.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

रेझरचे आटे जाम होते. रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, मग कोमट केला आणि दोन लाकडांमध्ये धरून दांडा सरळ केला. चिंच-मिठानं घासल्यावर पितळ उजळलं. मूळचा निकेलचा मुलामा जवळजवळ गेलाच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत निकेलचं मीठ आहे. चमचाभर आणलं असतं तर कुणाला कळलं नसतं. म्हणूनच आणलं नाही. पितळच राहू दे.

पातं एका हातानं कसं बसवायचं? लाकडी ठोकळ्यात रेझरच्या डोक्याच्या मापाची खाच पाडली. डोकं त्यात उलटं बसतं, वर पातं, वर पट्टी, मग दांडा फिरवायचा. उजवा हात मागे बांधल्यासारखा धरून स्वतः करून बघितलं. बोट कापलं, पण जमलं.

यांनी ओट्याच्या दारातून बघितलं. "दादांचा ना?" वडिलांचा रेझर ओळखून एवढंच म्हणाले. पण आपणहून बोलले.

रविवार, १३ डिसेंबर

आज सारंगखेड्याला जाऊन आले. सकाळची रेल्वे दोंडाईच्यापर्यंत, पुढे एसटी. दत्ताची यात्रा भरली आहे, घोड्यांचा बाजार नदीपर्यंत पसरलेला. मला फक्त केस हवे होते.

"बाई, लोक घोडा घेतात. तुम्हाला नुसते केस?"

"ब्रश करायचाय. दाढीचा."

मिशा पिळलेला तो व्यापारी त्याच्या माणसाकडे वळला. "ऐकलं का? शेपूट विकत घेताहेत. घोडा सोबत फुकट दे. खातो फार."

सगळे हसले. मीही हसले, एप्रिलनंतर बहुधा पहिल्यांदाच मोठ्यानं. मग त्यानंच खरारा करताना निघालेले केस गोळा करून दिले. शेपटीचे ताठ, आयाळीचे मऊ. दोन्ही मिसळायचे असं मी ठरवलं आहे.

बुधवार, १६ डिसेंबर

जनावराच्या केसांतून रोग येऊ शकतो. म्हणून सोड्यानं धुतले, मग कुकरमध्ये शिट्ट्या काढल्या, मग मनाला पटेना म्हणून आणखी काढल्या. घरभर तबेल्याचा वास. त्या कुकरात परत वरण शिजवणं मला जमणार नाही. तो आता मागच्या ओट्याचाच.

पहिली जुडी वाया गेली. टोकं सारखी दिसावीत म्हणून मी कात्रीनं कापली आणि गालावर लावून बघितलं तर काटे. केसाचं मूळचं निमुळतं टोकच मऊ असतं. कापायचं ते बुडातून, तोंडाशी नाही. दुसरी जुडी नीट बसवली, आबांच्या पद्धतीनं, लाख वितळवून.

साबणही केला: मेणबत्तीवाल्याकडचं स्टिअरिक आम्ल, खोबरेल, कॉस्टिक पोटॅश. फेस दह्यासारखा येतो. थंड पाण्यातही.

रविवार, २० डिसेंबर

आज सगळं यांच्यापुढे मांडलं. सागाच्या फळीत खोबण करून नवी वाटी घट्ट बसवली आहे, घसरत नाही. ब्रशचा दांडा मी आबांच्या डमरूसारख्या घाटाचा कातला होता, मधे बारीक कंबर. स्वतःवर खूश होते, ते लिहायला हवं.

यांनी डाव्या हातात ब्रश घेतला. तो बोटांत फिरला आणि फळीवर पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. मी न राहवून यांचा हात धरायला पुढे झाले.

"तू बाजूला हो."

"मी फक्त..."

"तू तोंडाशी उभी राहिलीस की लोटन काय आणि तू काय."

फळीसकट सगळं सरकवून दिलं. आवाज चढवला नाही, तो चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारभर एकच विचार. हे मी यांच्यासाठी करते आहे का? लेथवर बसले की हे आठवतही नाहीत, फक्त लाकडाचा वास आणि पटाशीखालून सुटणारी साल. त्या वेळात मी सुखी असते. नवरा आत भिंतीकडे बघत बसलेला असताना सुखी असणं, याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.

गुरुवार, २४ डिसेंबर

एक गोष्ट सापडली आहे. घाईनं लिहिते.

आमच्या घरामागच्या रस्त्यावर चढ आणि वळण आहे. संध्याकाळी तिथून एसटी गेली. हे आरामखुर्चीत, डोळे मिटलेले. इंजिनाचा आवाज जड झाला आणि यांचा डावा तळवा खुर्चीच्या हाताच्या टोकावरच्या लाकडी गोळ्यावर बसला, मागे ओढला गेला, मग पुढे. गाडी सरळ लागली तेव्हा हात सैल. यांना पत्ताही नव्हता.

डावा हात! वीस वर्षं स्टिअरिंग उजव्या हातात आणि गिअर डाव्या हातात. मी या हाताला अडाणी समजत होते. आबांच्या घाटाची कंबर चिमटीत धरायची असते. या हाताला चिमटी येत नाही, मूठ येते.

रविवार, २७ डिसेंबर

बाभळीचा गाभा घेतला, जड आणि लालसर. गिअरच्या दांड्याच्या टोकाला असते तशी गोल मूठ कातली, वरून किंचित चपटी. माप म्हणून खुर्चीवरचा गोळा. तिच्यात नवी जुडी बसवली, लाखेनंच. रेझरलाही तशीच मूठ, आखूड दांड्याची.

यावेळी काही मांडलं नाही. मागच्या ओट्यावर फळी, वाटी, साबण, आरसा, सगळं ठेवलं आणि सांगितलं, "ठेवलंय."

"असू दे तिथे."

मग थोड्या वेळानं म्हणाले, "वांग्याचं भरीत करत नाहीस हल्ली."

इतक्या महिन्यांत यांनी खायला काही मागितलेलं नाही. मी उद्याच आणते म्हटलं. "मोठं बघ. गुळगुळीत," म्हणाले.

शनिवार, २ जानेवारी १९८८

आठवड्यात तिसऱ्यांदा भरीत. सकाळी शाळेला निघताना दारावर टोपली घेऊन येणाऱ्या भागाबाईकडून वांगी घेते, हिरवी-पांढरी, हातभर मोठी. संध्याकाळी तुरीच्या वाळक्या तुराट्यांवर भाजते. पण तिन्ही वेळा वांगं भाजताना फुगलंच नाही. सालीवर बारीक बारीक चरे होते, त्यांतून रस गळून गेला. बाई वरून चांगली दाखवते आणि तळातली माथी मारते असं दिसतं.

ब्रशची जुडी एका बाजूला कलली आहे, केसही सुटताहेत. त्याला कुणी हात लावलेला नाही, हे म्हणतात, "मी फक्त बघितला." ओट्यावर दुपारचं ऊन येतं, त्यानं लाख मऊ झाली असणार. जानेवारीच्या उन्हात लाख वितळते का? पटत नाही, पण दुसरं कारण सुचत नाही. आबांची पद्धत सोडवत नव्हती. शेवटी दोन नळ्या मिसळून लावायचा तो गोंद आणला. माफ करा, आबा.

शुक्रवार, ८ जानेवारी

आज भागाबाईला दारातच बोलले.

"अहो, रोज चरे पडलेली वांगी कशी देता तुम्ही?"

तिनं टोपली खाली ठेवली. "ताई, मना वांगाले मी नख लागू देत नही. मनी टोपलीमा डाग लागेल वांगं सापडनं तं बठ्ठी टोपली फुकट लई जा."

"मग चरे येतात कुठून?"

"तुमना घरमा मांजर शे का?"

"नाही."

"मंग तुमनाच घरमा दखा."

हे मला लागलं. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नका. तिनं टोपली उचलली आणि मागे न बघता गेली. शेजारच्या लिलाबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

घरात आले तर हे म्हणाले, "तिला कशाला बोललीस? बाई चांगली आहे." यांनी एखाद्या भाजीवालीची बाजू घ्यावी याचं नवल वाटलं.

रविवार, १० जानेवारी

साबण झिजतो आहे. वाटीच्या काठाला लागून होता, आता मधे खड्डा. हवेनं सुकत असेल म्हणून ग्लिसरीन वाढवून नवा केला, तोही खाली चालला. मग उंदीर. पट्टा त्यांनीच खाल्ला होता. पिंजरा लावला, आत साबणाचाच तुकडा. पिंजरा रिकामा आणि वाटीतला साबण मात्र आणखी कमी. हे पिंजऱ्याकडे बघून हसले. कशाला हसता विचारलं तर म्हणाले, "तुझा उंदीर हुशार आहे, मास्तरीणबाई."

मास्तरीणबाई. लग्नानंतर मला हे असं चिडवायचे. मी आत जाऊन उगाच डबे आवरले.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. लोटनभाऊंना तिळगूळ दिला. जूनमधल्या प्रकाराबद्दल मीच ओशाळले होते, ते मात्र मजेत. "भरीत कसं निघतंय, ताई? साल सुटते का नीट?" मी म्हटलं, वांगी चांगली मिळत नाहीत. ते म्हणाले, "आता मिळतील. हात बसतोय." कुणाचा हात, शेतकऱ्याचा? आमच्याकडे भरीत होतं हे त्यांना कसं कळलं तेही समजेना. वास जात असेल गल्लीत.

रविवार, २४ जानेवारी

हल्ली वांगी बाजारातून स्वतः निवडून आणते. काल सकाळी एक मुद्दाम उजेडात फिरवून बघितलं, आरशासारखं स्वच्छ. संध्याकाळी देठाजवळ एकच चरा. म्हणजे चरे नंतर पडतात. थंडीनं साल आकसत असावी. मग भागाबाई खरं बोलत होती का? हा विचार आला आणि मी तो बाजूला सारला, हेही लिहून ठेवते.

भरिताला अधूनमधून साबणाची चव लागते. माझ्याच हातांची असणार. हे निमूट खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरीत मागतात.

दाढी आहे तशीच आहे. छातीला टेकेल. एक फेब्रुवारीबद्दल हे बोलत नाहीत, मी विचारत नाही.

शनिवार, ३० जानेवारी

सुकदेवभाऊ येऊन गेले. "काय सांगू साहेबांना?"

हे म्हणाले, "सोमवारचं सोमवारी."

बाहेर आल्यावर मी सुकदेवभाऊंना म्हटलं, सोमवारी शाळेत जाताना डेपोत येते आणि नाही म्हणून सांगते. तुमच्यावर बोल नको.

खाकी मात्र धुऊन इस्त्री केली. का केली, सांगता येत नाही. नाही म्हणायला जायचं माझं ठरलेलं आहे.

ब्रशकडे बघते तर बाभळीची मूठ काळसर चमकते आहे. तेल मी एकदाच दिलं होतं. चांगलं लाकूड, आपोआप मुरतं.

सोमवार, १ फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती आवाजानं. वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज. एप्रिलच्या आधी रोज ऐकलेला.

ओट्याचं दार लोटलं. कंदिलाशेजारी लोटनभाऊ कात्री पुसत उभे होते आणि फरशीवर केसांचा ढीग. फळीसमोर हे, चेहऱ्यावर आखूड खुंट. फळीवर वाटी, वाफ येणारं पाणी, आणि एक मोठं हिरवं वांगं. अर्ध्या वांग्यावर पांढरा फेस.

मी काही बोलायच्या आत यांनी रेझरची मूठ तळव्यात घेतली आणि वांग्यावरून देठाकडून खाली एक लांब हात ओढला. फेस निघाला, साल तशीच, एक रेघ नाही.

"आधी ह्याची, मग माझी," हे म्हणाले. "गाडी बाहेर काढायच्या आधी ब्रेक तपासतात, मास्तरीणबाई."

"सुरुवातीची वांगी काय सोललीत, भाऊ," लोटनभाऊ यांना म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आमच्याकडे शिकणाऱ्याला वस्तरा फिरवायला फेस लावलेला फुगा देतात. भाऊ म्हणाले, फुगा आणला तर बायकोला कळेल, वांगं आणलं तर ती भाजून खाऊ घालेल."

म्हणजे लाख मऊ झाली ती गरम पाण्यानं. म्हणजे वांग्यांवरचे चरे, साबण, उंदीर, सगळं. रोज मी शाळेत गेले की. बी.एस्सी. बाई जानेवारीच्या उन्हात लाख वितळवत बसली होती.

"तुम्ही 'बाजूला हो' म्हणाला होतात," मी म्हटलं. "जाते मी."

"आता थांब. तिथेच, दारात."

थांबले. यांनी गालांवर फेस केला, ब्रश मुठीत, मनगट गोल फिरतं आहे, एकदाही निसटला नाही. मग रेझर. उजवा गाल अवघड होता. डावा हात चेहऱ्यावरून पलीकडे नेऊन, मान वळवून, वळणावर गाडी हळू घेतात तसा. ओठाखाली जराशी लाल ठिपकी आली, तुरटी लावली. लोटनभाऊ पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही.

फेस पुसला आणि खालून यांचा चेहरा निघाला. गाल पांढरे, कपाळ सावळं, हनुवटीवर अपघातातला व्रण, जो मी नीट बघितलाच नव्हता. "उलटा हात फिरवून बघ," हे म्हणाले. मी फिरवला. लोटनभाऊ भिंतीकडे बघत होते. कुठे एक खुंट लागला नाही.

"लोटननं फक्त गवत कापलं," हे म्हणाले. "बाकी रान मी साफ केलं."

खाकीची बटणं यांनी स्वतः लावली. शाळेत पहिला तास मी काय शिकवलं, मुलींनाच विचारावं लागेल.

सुटल्यावर सरळ स्टँडवर गेले. चौकशीच्या खिडकीकडे गेले नाही, लांबच्या बाकावर बसले. कर्ण्यातून आवाज आला: "जळगावहून अमळनेरमार्गे दोंडाईच्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर उभी आहे." सगळ्या फलाटांवर तोच आवाज. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "आज माणूस नवा दिसस. बठ्ठं समजस." हो, सगळं समजतं, मी म्हटलं. आणखी चार गाड्या पुकारल्या जाईपर्यंत बसून होते. जामनेरची गाडी उशिरा आहे हेही यांनी असं सांगितलं की लोक चिडले नाहीत.

सुकदेवभाऊंनी गाठलंच. "वहिनी, तो ब्रश विश्रांतिगृहात हातोहात फिरतोय. सगळे ड्रायव्हर विचारताहेत, असा गिअरच्या मुठीचा कुठे मिळतो."

"कुठे मिळत नाही," मी म्हटलं. "मी करते." हे बोलताना मला माझ्याबद्दल जराही शंका आली नाही. आता लिहितानाही शोधून बघितली, नाही.

संध्याकाळी हे आले, बूट काढले आणि म्हणाले, "आज भरीत नको. महिनाभर नको." मी एवढी हसले की लिलाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं काय झालं. पहाटेचं वांगं तेवढं पाटीत पडलं आहे, गुळगुळीत. साल खरंच अभंग आहे, भागाबाईच्या टोपलीत असायची तशी.

उद्या: शाळेआधी बाजारात भागाबाईला शोधून तिची माफी मागायची.